शेवंती की उसाचा रस

करुणा, बँकेतल्या मुलीनं परवा मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, खात्यातून काकूंचं नाव कमी झालं की त्यांचा पासवर्ड चालनार नाई. काही उतरवून घ्याचं असन तर आधीच घेऊन घ्या." तिला वाटलं असेल, म्हातारा आता रडतो. मला मात्र तुझा राग आला. पासवर्ड तुझा, लॅपटॉप तुझा, त्यातला तो हिशेबाचा प्रोग्राम तुझ्या हौसेचा, आणि तूच अशी मध्येच उठून गेलीस, महिन्याचा ताळमेळ अर्धवट टाकून. सगळी नोकरी कोषागारात काढलेल्या बाईला हे शोभतं का?

घर आधीच रिकामं झालं होतं. पुण्यानुमोदनाला सगळे आले होते. ढाणकीहून तुझे दोन्ही भाऊ आले, माझ्या ऑफिसातली म्हातारी मंडळी आली. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, जेवणं झाली आणि सगळे आपापल्या गाडीनं गेले. प्रज्ञा तेवढी आठवडाभर राहिली आणि पुण्याला जाताना दारात सांगून गेली, "बाबा, पुढच्या रविवारी येते. तोवर तुमचं तुम्ही नीट करताय असं दिसलं तर राहा इथं. नाहीतर मी घेऊन जाणार." पुण्यात राहून पोरीची भाषा बदलली, पण दम द्यायची रीत तुझीच आहे.

नीट करतोय हे तिला कशावरून दिसणार, ते तिनं सांगितलं नाही. पण मला ठाऊक होतं, आल्याबरोबर ती तुझा लॅपटॉप उघडणार. तुझा ताळमेळ तिला लहानपणापासून माहीत आहे. सगळ्या ओळी हिरव्या दिसल्या की ती म्हणेल, बाबा ठीक आहेत.

आपल्या त्या रविवारच्या बैठकीबद्दल मी लोकांना थट्टेनंच सांगायचो. लोकांच्या घरी सुट्टीच्या दिवशी मटण शिजतं, आमच्या घरी ताळमेळ शिजतो. दुसरा चहा झाला की तू चष्मा लावायचीस, बँकेतून फाइल उतरवायचीस आणि प्रोग्रामच्या आत घ्यायचीस. मग पडद्यावर डावीकडे बँकेच्या ओळी, उजवीकडे आपण आठवडाभर हातानं लिहिलेल्या नोंदी. तू फोनवर लिहायचीस, मीही लिहायचो. पैसे गेले हे बँकेला माहीत असतं, कशापायी गेले हे फक्त आपल्याला. डावीकडची ओळ आणि उजवीकडची नोंद एकमेकींना लागली की दोन्ही हिरव्या होतात. पण तुझा नियम असा की दोघांनीही "जमलं" म्हटल्याशिवाय बोट दाबायचं नाही.

आणि बँकेची नावं तरी काय! आपली भाजीवाली बँकेच्या लेखी तिचा जावई आहे. दूधवाल्याच्या जागी त्याची आई येते. माझे केस कापणारा कुठल्याशा महिला बचत गटाच्या नावानं पैसे घेतो. "या गावात स्वतःच्या नावानं कोणी काई घेतच नाई का?" म्हणून मी वैतागायचो आणि तू खो खो हसायचीस. कोणाच्या नावामागं कोण आहे, हे तुला सगळं पाठ होतं.

नागपूरच्या डॉक्टरांकडून आलो त्यानंतर ही बैठक बदलली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, आणि मग ते माझ्याशी न बोलता तुझ्याशी बोलले. सुरुवात आहे म्हणाले. डोकं वापरतं ठेवा, रोजच्या गोष्टी आठवायला लावा. परतीच्या गाडीत तू कळंब येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होतीस. त्या रविवारी मात्र लॅपटॉप माझ्याकडून वळवून घेतलास आणि म्हणालीस, "आतापरेंत ओळी तुमी वाचत होते, ते बंद. वाचनार मी. तुमी सांगा, कुठं गेलते, संगं कोन होतं, काय बोलनं झालं."

पहिल्यांदा मी चिडलो. मी काय परीक्षेला बसलो आहे? पाटबंधाऱ्यात होतो तेव्हा झरी जामणीच्या जंगलात पायी मोजणी केली मी. तिथला एकूण एक नाला मला आजही सांगता येतो, कोणत्या पाड्यावर कोणी ताक दिलं तेही सांगता येतं. आणि ही बाई मला विचारते, बुधवारी तेल कुठून आणलं! पण तेल कुठून आणलं, हेच तर आठवत नव्हतं. तू वाट पाहायचीस. घाई नाही, सुचवणं नाही. मी अंदाज मारला की तुला लगेच कळायचं. "अंदाजे सांगू नका. आठवत नसन तर तशीच ऱ्हाऊ द्या ओळ, पुढं जाऊ. पन खोटी जोडी लावाची नाई." मग कधी दुपारी जेवताना मला एकदम आठवायचं, त्या दिवशी गल्लीत सिमेंटची गाडी फसली होती आणि म्हणून मी मागच्या रस्त्यानं गेलो होतो, तेल तिकडच्या दुकानातलं. तू हात धुवून उठायचीस, ओळ हिरवी करायचीस. त्या वेळी तुझ्या तोंडावर जे यायचं, ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. या आजाराचं नाव तू माझ्यासमोर एकदाही घेतलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानायचे राहिले, करुणा. आज मानतो.

आपली तीन भांडणं मिटली नाहीत. पहिलं त्या बटणाचं. प्रोग्रामला वर कोपऱ्यात एक बटण आहे, ते दाबलं की तो रक्कम आणि तारीख पाहून सगळ्या जोड्या आपोआप लावतो. मी म्हणायचो, मशीन कशाला आणली मग? तू म्हणायचीस, "त्याले आकडा दिसते. दिवस कुठं दिसते?" दुसरं भांडण प्रज्ञाचं. नागपूरचं तिला कळू द्यायचं नाही, हे मी तुझ्याकडून वदवून घेतलं होतं. तू कबूल झालीस, पण मनापासून नाही. दर फोननंतर म्हणायचीस, "सांगून टाका न तिले. कायले एकटे वाहून राह्यले?" मी म्हणायचो, एकटा कुठं, तू आहेस ना.

तिसरं भांडण तू जायच्या आदल्या रविवारचं. त्यानंच मला छळलं आहे.

ओळ साधीच होती. लोहाऱ्याकडच्या कोण्या बाईचं नाव, छोटी रक्कम. उजवीकडं त्या दिवसाच्या दोन नोंदी, दोन्ही तेवढ्याच रकमेच्या. तुझी होती, "शेवंती, दोन कुंड्या". माझी होती, "उसाचा रस, दोघं". तू म्हणालीस, ही शेवंतीची ओळ. मी म्हटलं, रसाची. तू म्हणालीस, "रस आपन पेलोच नाई त्या दिवशी." मी म्हटलं, अगं, पेलो. तुझ्या ग्लासात अद्रक जास्त झालं म्हणून अर्धा तू माझ्यात ओतलास. तू मान हलवलीस. "ते मांगच्या कोन्या वर्षीचं असन. तुमी मिसळवून राह्यले." एवढंच बोललीस आणि माझ्याकडं पाहिलंस. ती नजर मला सहन झाली नाही. मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ओळ हिरवी होती, शेवंतीच्या नावानं, आणि माझी रसाची नोंद तशीच एकटी उभी होती. जमलं म्हणायला तू मला बोलावलं नव्हतंस. तुझा नियम त्या एकाच दिवशी तू मोडलास.

मंगळवारी पहाटे तुझ्या छातीत दुखलं. दोन दिवसांनी तू नव्हतीस. त्या दोन दिवसांत आपण पुष्कळ बोललो, पाणी हवं का, पाय दाबू का, प्रज्ञा कुठवर आली. रसाचं कोणीच बोललं नाही.

बँकेतून आलो आणि त्याच दुपारी फाइल उतरवून आत घेतली. तू शिकवलंस तसं एकेक पायरी केली. दवाखान्याच्या दिवसांच्या ओळींवर मला वाटलं अडेन. एकही ओळ अडली नाही. कोणती बाटली कोणत्या दुकानातून, खालच्या टपरीवर चहा घेतला तेव्हा बाजूला कोण होतं, सगळं लख्ख. जे विसरायला मिळालं असतं तर मी हात जोडले असते, तेवढंच माझ्या डोक्यानं जपून ठेवलं आहे. त्या ओळी मी एकट्यानं हिरव्या केल्या. तुझं "जमलं" माझ्याच तोंडानं म्हटलं. मग वर सरकत सरकत पुन्हा त्या शेवंतीवर आलो, आणि खाली माझी रसाची नोंद.

विचार कर माझा. तू बरोबर असशील तर अद्रकाचा तो घोट, तू ओतलेला अर्धा ग्लास, हे माझ्या डोक्यानं कुठून तरी आणून त्या दिवसात बसवलं. म्हणजे डॉक्टर म्हणाले त्याच्या पुढं मी गेलो आहे. आणि मी बरोबर असेन तर तू चुकलीस. जिच्या भरवशावर मी माझे आठवडे खरे मानत होतो, तीच चुकली. कोणतं चांगलं, सांग. मला दोन्ही नको होतं.

शेवटी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून लोहाऱ्याला गेलो. नर्सरी तुला ठाऊकच आहे, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडची. फाटकाला लागूनच रसवंतीची गाडी. आधी नर्सरीत गेलो, मालक नव्हता, पण खांबाला फोनवरून पैसे टाकायची क्यूआर कोडची चौकट लटकत होती. फोन समोर धरला. तेच नाव. मग गाडीजवळ आलो, घाण्याला चिकटवलेल्या चौकटीसमोर फोन धरला. तिथंही तेच नाव. नवरा झाडं विकतो, बायको रस काढते, खातं बायकोचं. शेवंती असो की रस, बँकेला दोन्ही सारखंच दिसणार होतं. मी तिथंच बाकावर बसलो.

"काका, एकटेच? काकू नाई आल्या?" रसवाली म्हणाली. ती ग्लास धूत धूत म्हणाली, "अद्रक टाकू का नाई? मांगच्या टायमाले काकू लय बोलल्या मले."

मी विचारलं, "मांगच्या टायमाले आमी रस पेलो होतो का?"

"काहून, इसरले का? शेवंती नेली न तुमी. काकूले घाम आलता. थंडीच्या दिवसात एवढा घाम कायचा, म्हनून मीच म्हटलं, बसा काकू, रस प्या. झाडाचे पैसे त्याईनं आतमंदी फोनवरून टाकले होते. मायाकडचे नगद देल्ले, बटव्यातून. त्याईले अद्रक झोंबली, तुमाले देल्ला अर्धा."

मी खरा होतो, करुणा. शेवंतीही खरी, रसही खरा. एक बँकेतून, एक तुझ्या बटव्यातून. रोख दिलेल्याची ओळ बँकेतून कधीच येणार नव्हती, माझी नोंद कितीही वाट पाहत उभी राहिली असती तरी. भांडण मी जिंकलो होतो. एवढं वाईट जिंकणं मला आयुष्यात भेटलं नाही.

मग तो घाम आठवला. रसवालीनं सांगितल्यावर आठवला, हे खरंच लिहितो. तू पदरानं कपाळ पुसलंस आणि म्हणालीस, "चाललो न उन्हातून, त्याचा आहे." ऊन कोवळं होतं. आता मी इथं बसून विचार करतो, तू रस खरंच विसरली होतीस? का रस कबूल केला तर आपण तिथं का बसलो तेही निघालं असतं, मी डॉक्टर डॉक्टर केलं असतं, आणि माझं सोडून तुझं सुरू झालं असतं, म्हणून तू ओळ घाईनं हिरवी करून टाकलीस? मला खोटी जोडी लावू न देणारी तू. मी मिसळवतो आहे असं मला वाटू दिलंस. विसरली असशील तर मला तुझी दया येते. लपवलं असशील तर तुझ्याशी मी आठ जन्म बोलणार नाही. आणि आपला तर पुढच्या जन्मावरही विश्वास नाही, म्हणजे हे भांडण करायला जागाच उरली नाही.

रसवालीला मी तुझं सांगितलं. तिनं घाणा बंद केला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन रसाची नोंद मी रोखीच्या खात्यात नेली. कसं न्यायचं ते तुझ्या हाताखाली शिकलो होतो, विसरलो नव्हतो. शेवंती अंगणात आहे, एका कुंडीला पिवळी फुलं आली आहेत, दुसरीला पाणी जास्त झालं बहुतेक.

मग उरल्या तू गेल्यानंतरच्या ओळी. मेणबत्त्या, मंडप, आचारी, प्रज्ञाच्या गाडीचं तिकीट. सगळं लागलं. एक ओळ सोडून. याच आठवड्यातली, गुरुवारची. कोण्या माणसाचं नाव, रक्कम किरकोळ. माझी नोंद नाही. घरात नवीन वस्तू नाही, खिशात चिठ्ठी नाही. त्या गुरुवारी सकाळी मी चहा केला एवढं आठवतं, मग दुपारी दाराची कडी काढत होतो तिथून पुढचं आठवतं. मधला तुकडा गेला. प्रोग्राम मात्र अडला नाही. पेपरवाल्याची महिन्याची ठरलेली नोंद रिकामी होती, रक्कम तीच, तारीख जवळची. तो म्हणतो, हीच जोडी. पण पेपरवाल्याला मी दारात रोख दिले, त्याच्या सायकलची घंटा तुटली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

एक बोट दाबलं असतं तर पडदा हिरवागार झाला असता. प्रज्ञा आली असती, बघून म्हणाली असती, बाबा ठीक आहेत. मी या घरात राहिलो असतो, तुझ्या शेवंतीजवळ. काल रात्री उशिरापर्यंत मी त्या बटणाजवळ जात होतो आणि उठत होतो. तू माझ्यासाठी शेवंतीवर बोट दाबलंसच ना, मग मी का नको, असंही मनात आलं.

आज सकाळी प्रज्ञा आली. आंघोळ केली, चहा घेतला आणि मला वाटलं होतं तसंच लॅपटॉप घेऊन तुझ्या जागेवर बसली. वरून खाली पाहत गेली. "वा बाबा!" म्हणाली. मग थांबली. "ही एक राहिली. पेपरवाला आहे ना? थांबा, मी लावते."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "नको लावू. ते खोटं होईन."

"मग काय आहे ते?"

"मले आठवत नाई, बेटा."

मग नागपूरचं सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, तुझ्या परीक्षेचं सांगितलं, तू सांग म्हणत होतीस आणि मी नाही म्हणत होतो तेही सांगितलं. ती रडली, माझ्यावर ओरडली, तुझ्यावरही ओरडली. बराच वेळ नळावर तोंड धूत राहिली. परत आली, ओढणीनं चेहरा पुसला आणि लॅपटॉप आपल्याकडं वळवून घेतला. पुण्याबद्दल काही बोलली नाही. तिच्या तोंडून ढाणकीची भाषा मी कितीतरी वर्षांनी ऐकली.

"सांगा आता. गुरुवारी चहा पेऊन कुठं निघालते तुमी? संगं कोन होतं?"

ती वाट पाहत होती. घाई नव्हती तिला. मी डोळे मिटून पुष्कळ शोधलं, करुणा. नाही आठवलं. ओळ तशीच ठेवली आहे आम्ही.